पहिल्या जिन्याला मार्क नाहीत

शाळेत परिपत्रक आलं की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना एकदम कामं आठवतात. त्या दिवशीही तसंच झालं. हेडबाईंनी कागद वाचायला चष्मा चढवला मात्र, इतिहासाच्या सरांना वह्या तपासायच्या आठवल्या आणि विज्ञानाच्या बाईंना प्रयोगशाळेतला नळ चालू राहिल्याचा भास झाला. उरल्या त्या गणिताच्या बाई, कारण त्यांची खुर्ची दारापासून सगळ्यात लांब होती.

परिपत्रक चांगलं होतं, हे आधी सांगून टाकतो, कारण चांगलं परिपत्रक फार क्वचित निघतं. यापुढे शाळेतल्या सुतारकामाच्या वर्गालाही क्रेडिट मिळणार होतं, आणि तेही हस्तकौशल्याचं वगैरे नाही, थेट भूमितीचं. ज्या मुलानं वर्षभर सुतारकाम मन लावून केलं, त्याला भूमितीचा वेगळा पेपर द्यायला नको. पुढच्या शिक्षणाला ते धरलं जाईल. अट एकच. गणिताच्या एका शिक्षकानं वर्षभर त्या वर्गात बसायचं, मुलांबरोबर स्वतः हातानं काम करायचं, आणि या कामात भूमिती आहे अशी खात्री पटली तरच कामांच्या आणि मार्कांच्या आराखड्यावर सही करून तो समितीकडे पाठवायचा. सही नाही तर क्रेडिटही नाही.

"वर्षभर भुशात बसायचं म्हणजे काही खायचं काम नाही," हेडबाई म्हणाल्या. "मी जबरदस्ती करणार नाही, पण तुम्ही जर..."

"बसते," बाई म्हणाल्या.

इतक्या पटकन म्हणाल्या, की हेडबाईंनी मनात जुळवून ठेवलेलं पुढचं भाषण तसंच फुकट गेलं. या बाई साधी रजा मागायलासुद्धा दोन दिवस विचार करणाऱ्या. हेडबाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग त्यांना आठवलं, की या तर सुतारमास्तरांची मुलगी.

सुतारमास्तर म्हणजे या शाळेची कार्यशाळा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आसपासच्या वस्तीत लाकडी जिना दिसला की तो मास्तरांच्या हातचा, नाहीतर त्यांच्या एखाद्या शिष्याच्या हातचा, असं डोळे मिटून सांगावं. माणूस तोंडाळ, चढेल आणि स्वतःच्या कामावर बेहद्द खूश. स्वतः बसवलेल्या जिन्यावरून ते दुसऱ्यांच्या घरात विनाकारण चढउतार करत, आणि घरच्या माणसांनी चहा विचारला नाही तर रागावत. सगळी दुनिया त्यांना मास्तर म्हणायची. एकट्या या मुलीला तो शब्द वापरायला मिळाला नव्हता. तिच्यासाठी ते बाबा होते, आणि घरात बाबांचा मास्तर कधी होत नसे.

कार्यशाळा आणि गणिताची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. बाई लहान असताना याच शाळेत शिकल्या, याच खोलीत बसल्या. पलीकडून करवतीचा आवाज यायचा, रंध्याचा यायचा, कधी बाबांचा ओरडा यायचा. आणि वर्षातून एकदा, मुलांचं जिन्याचं काम पुरं झालं की, एक अजब प्रकार ऐकू यायचा. आधी धप्प असा पाय आपटल्याचा आवाज. मग बाबांची गर्जना: "नापास!" आणि पाठोपाठ सगळा वर्ग खदाखदा हसायचा. पुन्हा धप्प, पुन्हा "नापास!", पुन्हा हशा. एकामागून एक सगळे नापास व्हायचे आणि जो तो नापास होऊन हसत बाहेर यायचा.

नापास झाल्यावर हसतं कोण? ती मधल्या सुट्टीत सुतारकामाच्या मुलांना गाठून विचारायची. त्यांच्या तोंडाला कुलूप. वर्गात होतं ते वर्गाबाहेर सांगायचं नाही, असा त्यांचा नेम होता आणि तो कुणी मोडला नव्हता. घरी बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, "जे वर्गात बसतात त्यांना कळतं."

मग ती बसणार होती. नववीत विषय निवडायचे होते तेव्हा तिनं सुतारकामापुढे आपलं नाव लिहिलं, आणि ते बाबांनी खोडलं. दुसऱ्या कुणी नाही, स्वतः त्यांनीच. ती रडली, जेवली नाही, तेव्हा त्यांनी आपल्या एका चांगल्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका तिच्यापुढे धरली. सगळ्या विषयांपुढे आकडे होते. सुतारकामापुढे नुसती आडवी रेघ.

"हे बघ," ते म्हणाले. "शून्यसुद्धा नाही. शून्य द्यायलासुद्धा आधी मोजावं लागतं. आमचा तास कुणी मोजत नाही. माझ्या पोरीच्या नावापुढे ही रेघ मला नको."

म्हणून ती गणिताकडे गेली. गणित तिला आवडलंही, छान जमलंही. पुढे त्याच शाळेत, त्याच खोलीत ती शिकवायला लागली, त्याच भिंतीला टेकून. नापास मात्र ती आयुष्यात कधी झाली नाही.

घरी येऊन बाईंनी बातमी सांगितली तेव्हा मास्तर मागच्या दाराशी खुर्ची टाकून बसले होते. दार बंदच होतं. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि गेल्या वर्षी पडल्यापासून मास्तरांचा मुक्काम त्या बंद दाराशी. मागच्या अंगणात त्यांची शेड होती, त्यात त्यांचं बाक, त्यांची हत्यारं. पण दारातून अंगणात उतरायला काय होतं? विटांचा ढीग. लोकांच्या घरी जिने बसवत हिंडलेल्या माणसाच्या स्वतःच्या मागच्या दाराला एकावर एक रचलेल्या विटा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आई जन्मभर "आपल्याला एक जिना करा" म्हणत राहिली आणि मास्तर "बघू" म्हणत राहिले. शेवटी एक वीट निसटली आणि मास्तर गुडघ्यावर आपटले. त्यानंतर त्यांनी विटा फेकून द्यायला लावल्या, दाराला कडी घातली आणि शेडचं नाव काढलं नाही. काढलंच तर एवढंच म्हणायचे, "हत्यारं शाळेतल्या भिंगरीला देऊन टाक. गंजून चाललीत."

"बाबा, सुतारकामाला भूमितीचं क्रेडिट मिळणार," बाई म्हणाल्या. "आता रेघ नाही यायची. आकडा येणार."

मास्तरांनी दाराची कडी एकदा हलवून बघितली. मग म्हणाले, "वरातीमागून घोडं."

"उशिरा का होईना, आलं ना?"

"माझी पोरं आता म्हातारी झाली. त्यांच्या रेघा पुसणारेत का?" आणि थोड्या वेळानं, जरा खालच्या आवाजात, "मोजणार कोण?"

"मी. वर्षभर वर्गात बसायचं आहे मला. करवत धरायची आहे."

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. बाईंना वाटलं, आता काहीतरी म्हणतील. चल, मीच शिकवतो, असं म्हणतील. एवढं एक वाक्य ऐकायला त्या नववीपासून थांबल्या होत्या, आणि ते ऐकण्यासाठीच दुपारी हेडबाईंना पटकन हो म्हणाल्या होत्या. भूमितीबिमितीसाठी नाही.

"बोटं सांभाळ," मास्तर म्हणाले, आणि पुन्हा बंद दाराकडे तोंड करून बसले.

कार्यशाळेत आता भिंगरी शिकवायची. मास्तरांची शेवटच्या तुकडीतली विद्यार्थिनी. एका जागी उभी राहत नाही म्हणून त्यांनीच तिला ते नाव दिलं होतं, आणि ते तिला असं चिकटलं की हजेरीपटावरचं नाव ती स्वतःही विसरली असावी. मुलं तिला ताई म्हणायची. तिच्या वर्गात बहुतेक अशीच मुलं, ज्यांना भूमितीनं दोनदा तीनदा दारातून परत पाठवलं होतं. या वर्षी क्रेडिट मिळालं तर त्यांचं गाडं पुढे सरकणार होतं, नाहीतर रुतलेलंच राहणार होतं. भिंगरी हे तोंडानं कधी बोलली नाही, पण बाई वर्गात आल्या की ती त्यांच्यासाठी बसायचा स्टूल स्वतः फडक्यानं पुसायची, आणि त्यात सगळं आलं.

पहिले काही आठवडे बाईंची चांगलीच फजिती झाली. फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ काढणारा त्यांचा हात करवत धरली की दारू प्यायल्यासारखा चालायचा. ठोकलेला खिळा वाकडा, खिळा धरणारं बोट निळं. मुलांना मनातून उकळ्या फुटत होत्या. ज्या बाई आपल्या वहीवर लाल फुल्या मारतात, त्यांच्या फळीवर ताईंची खडूची फुली बघणं हे सुख काही औरच.

पण देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली, हेही खरं. जिन्याचा उतार काढायची वेळ आली तेव्हा मुलं अंदाजानं फळी तिरकी धरत होती. बाईंनी गुण्या मागितला. सुतारांचा तो काटकोनी लोखंडी पट्टा फळीवर टेकवला आणि विचारलं, "ही एक बाजू, ही दुसरी बाजू. तिरकी किती भरेल?" मुलांनी मोजपट्टी काढली. बाई म्हणाल्या, मोजू नका, आधी सांगा, मग मोजा. हिशेबानं आलेला आकडा आणि पट्टीवरचा आकडा एकच निघाला, तेव्हा मागे उभी असलेली एक उंच मुलगी जवळजवळ रागावून म्हणाली, "हे तेच का? ते वहीतलं? मग तेव्हा का नाही सांगितलंत, की हे याच्यासाठी आहे?" बाईंनी गुण्या तिच्या हातात दिला. भिंगरीसुद्धा वाकून आकडा पुन्हा पुन्हा बघत होती. इतकी वर्षं ती ती तिरकी बाजू कापूनच शोधत आली होती.

आराखडा लिहायला दोघी बसल्या तेव्हा मात्र खटका उडाला. भिंगरीनं कामं लिहिली होती, कामांपुढे मार्क लिहिले होते. चौकट, पेटी, स्टूल, सगळं ठीक. पण "पहिला जिना" असं लिहून पुढचा रकाना कोरा. त्याच्याखाली "जिन्याची दुरुस्ती", आणि तिथे भरघोस मार्क.

"हे राहिलंय," बाई म्हणाल्या.

"राहिलं नाही. पहिल्या जिन्याला मार्क नाहीत."

"का नाहीत?"

"मास्तरांच्या वेळेपासून नाहीत."

"अगं, पण समितीला काय सांगू? कोरा रकाना बघून सगळा आराखडा परत पाठवतील. आणि जिना बिघडलाच नाही तर दुरुस्ती कसली?"

भिंगरी हसली. नखानं टेबलावरचा वाळलेला सरस खरवडत म्हणाली, "बाई, सहीची घाई नाही. आधी तुमचा जिना होऊ दे. मग तुम्हीच काय ते लिहा त्या रकान्यात."

"तू सांगत का नाहीस?"

"जे वर्गात बसतात त्यांना कळतं," भिंगरी म्हणाली.

तेच वाक्य, तसंच मान तिरकी करून म्हटलेलं. परक्या पोरीनं बाबांची लकब उचलावी आणि सख्ख्या मुलीला ती तिच्याकडून ऐकावी लागावी! त्यांना भिंगरीचा हेवा वाटला. हेव्याची लाज वाटली, आणि लाज वाटूनही हेवा काही गेला नाही.

मास्तरांच्या वेळी जिने कार्यशाळेतल्याच ओट्याला लावून बघायचे; भिंगरीचा नियम असा, की प्रत्येकानं एका खऱ्या जागेसाठी खरा जिना करायचा. कुणी माळ्यासाठी, कुणी दुकानाच्या ओट्यासाठी. बाईंनी कोणती जागा निवडली असेल ते सांगायला नकोच. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मागच्या दाराची कडी काढली आणि उंबऱ्यापासून अंगणापर्यंत पट्टी सोडली. मास्तर खुर्चीत डोळे मिटून होते. ते झोपलेले नाहीत हे बाईंना ठाऊक होतं, कारण झोपले की ते घोरतात.

"बाबा, पट्टीचं टोक धरता का?"

मास्तरांनी डोळे आणखी घट्ट मिटले. बाईंनी टोकावर दगड ठेवला आणि एकट्यानं माप घेतलं.

मापात चूक होऊ द्यायची नाही, असा त्यांनी चंगच बांधला होता. उंबऱ्याची उंची पायऱ्यांत सारखी वाटून घेतली. भागाकार पुन्हा केला, उलटा गुणाकार केला. ज्यांच्या दातांवर पायऱ्या बसतात त्या दोन्ही बाजूंच्या दातेरी फळ्यांचं चित्र काढलं, दात न दात सारखा. ज्या वर्गात सगळे नापास होतात, त्या वर्गात आपण पास होऊन दाखवू, असं त्यांना वाटत होतं. मग बाबांना दार उघडावंच लागेल, जिना उतरावाच लागेल, आणि त्यांच्या तोंडून निदान एकदा तरी निघेल, की ही माझी विद्यार्थिनी शोभते.

ते चित्र त्यांनी मुद्दाम जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मास्तरांच्या ताटाशेजारी. मास्तरांनी घास घेता घेता नजर टाकली. घास थांबला. ते चित्रावर वाकले. त्यांचं बोट दातेरी फळीच्या पार खालच्या टोकाशी गेलं आणि तिथे टेकून राहिलं.

"पायरीवर बसवायची फळी केवढ्या जाडीची?" मास्तरांनी विचारलं.

"अंगठ्याएवढी. का?"

मास्तरांनी तोंड उघडलं, मिटलं. चित्र बाजूला सारलं.

"काही नाही. मजबूत होईल," ते म्हणाले, आणि त्यांना जोराचा ठसका लागला. ते उठून आतल्या खोलीत गेले. आतून बराच वेळ खोकल्याचा आवाज येत राहिला.

एवढंच. रात्रंदिवस लाकडाशिवाय दुसरं न बोललेल्या माणसाला आपल्या मुलीच्या पहिल्या जिन्यावर एक वाक्य बोलावंसं वाटू नये! बाईंनी ताटं उचलली, घासली. नळाखाली हात धरून त्या उगीच उभ्या राहिल्या. माणूस दूर गेला की त्याची आठवण काढता येते. समोर बसलेल्या माणसाची आठवण यायला लागली तर करायचं काय, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

जिना झाला. दातेरी फळ्या कापताना या वेळी हात हलला नाही. भिंगरीनं लेव्हल ठेवून बघितली, बुडबुडा बरोबर मध्ये. "कापणी पैकीच्या पैकी," ती म्हणाली, आणि सगळ्या मुलांना हाक मारली, "चला रे, आधी बाईंचा बसवू."

हातगाडीवर जिना, पुढे भिंगरी, मागे मुलांची पलटण, आणि सगळ्यात मागे बाई, अशी ती मिरवणूक भर सकाळी अंगणात आली. जिना दाराला लावला. उंबऱ्याशी टेकला, जमिनीवर बसला, कुठे डुगडुगणं नाही. बाईंना हायसं वाटलं. त्यांनी वर पाहिलं तर दारात मास्तर उभे होते. काठी टेकून, स्वच्छ सदरा घालून. आणि त्यांच्या कानावर पेन्सिल होती.

कामाच्या वेळची ती पेन्सिल मास्तर पडल्यापासून दिसली नव्हती. सकाळी चहाच्या वेळीही नव्हती.

"ज्याचा जिना त्यानं पहिलं चढायचं," भिंगरी म्हणाली. "खाली बघायचं नाही. समोर बघून, रोजच्यासारखं."

बाईंनी पहिल्या पायरीवर पाय टाकला. पायरी जरा उंच लागली. असेल, सवय नाही म्हणून, असं म्हणत त्या पुढे चढल्या. दुसरी, तिसरी, सगळ्या सारख्या. पायानं लय धरली. आणि शेवटी, उंबऱ्यावर पाऊल ठेवताना, त्यांनी पाय जेवढा उचलला होता तेवढी उंची तिथे नव्हतीच. पाय हवेतून खाली आला आणि उंबऱ्यावर आपटला.

धप्प.

"नापास!" मास्तर गरजले.

शेजारच्या छपरावरचे पक्षी उडाले. मुलं खदाखदा हसली. भिंगरी पोट धरून हातगाडीवर बसली. आणि मास्तर, वर्षभर ज्यांच्या तोंडाची घडी मोडली नव्हती ते मास्तर, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

बाईंनी वळून जिन्याकडे पाहिलं आणि क्षणात त्यांच्या लक्षात आलं. दात सगळे सारखेच होते. पण दातांवर फळ्या बसल्या की पहिली पायरी फळीच्या जाडीएवढी उंच होते, आणि शेवटी उंबऱ्यापाशी तेवढीच उंची कमी पडते. मधल्या सगळ्या जशाच्या तशा. म्हणून ते बोट चित्राच्या खालच्या टोकाशी थांबलं होतं. तेवढी जाडी खालून कापायची असते. तो खोकलाही खोकला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं!" बाई म्हणाल्या. "चित्रातच दिसलं होतं तुम्हाला. सांगितलं का नाहीत?"

"सांगितलेलं विसरतं माणूस. पायाला लागलेलं विसरत नाही," मास्तर डोळे पुसत म्हणाले. "माझाही पहिला जिना असाच होता. हिचाही. माझ्या वर्गात पहिला जिना कधीच कुणाचा पास झाला नाही. वर्गातल्यांना आधी सांगायचं नाही हा नियम आहे."

वर्गातल्यांना. तो शब्द ते सहज बोलून गेले, पण बाईंच्या कानात तो तसाच राहिला. जेवणाच्या टेबलावर बाबा गप्प बसले होते ते तिला परकी समजून नाही. तिला वर्गातली धरून.

तेवढ्यात उंच मुलीचं हसू एकदम मावळलं. "ताई," ती म्हणाली, "म्हणजे माझाही?"

"तुझाही."

"पण माझा कापून झालाय!"

"सगळ्यांचाच झालाय. उद्या एकेकाचा बसवू," भिंगरी म्हणाली, आणि मग बाईंकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "त्या रकान्याचं काय करायचं, बाई?"

"कोराच ठेव," बाई म्हणाल्या. "समितीला मी समजावते. नाही समजलं तर त्यांनाही एक जिना करायला लावू. सही आज करते."

भिंगरीनं उगीचच हातगाडीचं चाक हलवून बघितलं.

मास्तरांनी काठी दाराला टेकवून ठेवली आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. "चल. दुरुस्ती शेडमध्ये."

"बाबा, जिना चुकलाय. पडाल तुम्ही."

"कुठे चुकलाय ते माहीत असलं की नाही पडत कुणी."

पहिल्या उतरणीला त्यांनी पाय कमी टाकला, शेवटच्या पायरीवरून जास्त. गुडघा कुरकुरला, खांद्यावरची बोटं घट्ट रुतली, आणि मास्तर अंगणात उभे होते. मुलांनी जिना उचलून आणला. शेडचं दार ओढून काढावं लागलं. आत बाकावर धुळीचा थर होता आणि करवत खुंटीवर जिथल्या तिथे होती. लाकडाचा तो जुना वास आला तेव्हा बाईंना लहानपणी दाराबाहेर उभं राहून तो नाकात भरून घेतल्याचं आठवलं. आत यायची परवानगी नसायची.

जिना बाकावर आडवा झाला. मास्तरांनी पायरीच्या फळीचा उरलेला तुकडा मागितला, दातेरी फळीच्या तळाशी टेकवला, गुण्या लावला आणि कानावरची पेन्सिल काढली.

त्यांनी रेघ ओढली. आडवी, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

ओढून झाल्यावर ते तिच्याकडे बघतच राहिले, रेघेकडे. दोघांनाही ती गुणपत्रिका आठवली होती. एवढ्या वर्षांत मिळालेले सगळे आकडे एका पारड्यात टाकले असते तरी त्यांना ही एक रेघ हवी होती.

मास्तरांनी फळीचं दुसरं टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

"रेघेच्या बाहेरून काप," ते म्हणाले. "करवतीनं रेघ खायची नाही. कापून झाल्यावर रेघ दिसली पाहिजे मला."

बाईंनी करवत उचलली.

"दिसेल, मास्तर," त्या म्हणाल्या.